‘कोल्हाट्याचं पोर’ : उच्च शिक्षणाच्या वाटेवरील एक साक्ष

प्रस्तावना :

भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत ‘उपरा’ (१९८०) व ‘उचल्या’ (१९८७) यांच्यानंतर डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे महत्त्वाचे पुस्तक होय. त्याची चर्चा बहुधा कोल्हाटी स्त्रियांच्या शोषणाच्या अंगाने झाली. प्रस्तुत लेखात ते उच्च शिक्षणातील अडचणींचा दस्तऐवज म्हणून तपासले आहे.

विवेचन :

लेखक मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. परंतु प्रवेश मिळाल्याने प्रश्न संपत नाहीत. पैशाची चणचण, घरच्या अपेक्षा आणि वडिलांच्या नावाचा प्रश्न सोबत राहतो. आईचे नाव लावणे ही केवळ भावनिक कृती नव्हे. अर्जातील एका रकान्याला दिलेले ते उत्तर आहे. लेखकाचे २००७ मध्ये अपघाती निधन झाले. शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २०२४ चा आहे.

या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ असे आहे. त्यात भर एका व्यक्तीच्या जिद्दीवर पडतो. मराठी शीर्षक मात्र समाजाने चिकटवलेली ओळखच वाचकासमोर ठेवते. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण जिद्दीचे कौतुक करताना संस्थेच्या जबाबदारीचा सहज विसर पडतो.

या वाङ्मयप्रकाराची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. आत्मकथन लिहितो तो टिकलेला विद्यार्थी. मध्येच गळालेल्याची साक्ष बहुधा मागे राहत नाही. पनवेल परिसरातील कातकरी समाज अनुसूचित जमातींत मोडतो व कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह राज्यातील तीन आदिम जमातींत गणला जातो. त्याचा इतिहास कोल्हाटी समाजाहून वेगळा आहे. तथापि दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडण्यासाठी स्थलांतर करतात, तेव्हा दुसऱ्या सत्रातील ७५ टक्के हजेरीची अट त्या घरातील विद्यार्थ्याला जाचक ठरते. हजेरीपटावर स्थलांतर उमटत नाही, फक्त गैरहजेरी उमटते. आणि तिचा अर्थ आपण अनास्था असा लावतो.

निष्कर्ष :

असे पुस्तक अभ्यासक्रमात असणे स्वागतार्ह आहे, पण पुरेसे नाही. जात पडताळणीच्या कागदपत्रांसाठी मदत, शिष्यवृत्ती हाती येईपर्यंत शुल्कासाठी मुदत, वसतिगृहातील जागा आणि गैरहजेरीची कारणे विचारणारा प्राध्यापक, या गोष्टी महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. त्या नसतील, तर आपण वर्गात आत्मकथन शिकवू आणि त्याच वर्गातील रिकामा बाक आपल्या लक्षात येणार नाही.