न मानणाऱ्याची खुर्ची

नवी मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयात सर्वधर्म परिसंवाद ठरला की मौलाना, महाराज, फादर यांना निमंत्रणे जातात. धर्म न मानणारा कुठे बसणार? हा प्रश्न आम्हाला हमीद दलवाईंच्या ‘इंधन’कडे (१९६५) नेतो. कोकणातले गाव पेटते तेव्हा लेखक कुणा एकाच समाजाची बाजू घेत नाही, हे या कादंबरीचे बळ. मिरजोळीच्या दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. १९७७ मध्ये त्यांच्या इच्छेनुसार दफन नव्हे, दहन झाले. आपल्या लोकांना बोचते ते हेच, आणि मग कादंबरी न वाचताच मिटली जाते! त्यांची सगळी मते आम्हालाही पटत नाहीत. पण परिसंवादात ‘इंधन’वर एक तास ठेवा, आणि वर्गातल्या न मानणाऱ्या मुलीलाही तिथे बोलू द्या.