मोजदाद आणि निकष

१९८५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘गेरिला गर्ल्स’ या मुखवटाधारी गटाने कलाव्यवहारातील लिंगभावाधिष्ठित व वांशिक पक्षपात आकड्यांत मांडला. हीच मोजदाद मुंबईत केल्यास १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सहाही संस्थापक पुरुष आढळतात. १९५३ मध्ये या गटासमवेत चित्रे मांडणाऱ्या कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये (पुढे अथैया) मात्र प्रामुख्याने वेशभूषाकार म्हणूनच स्मरणात राहिल्या. त्यांचे नाव यादीत समाविष्ट केल्याने यादी सुधारते. निकष तसाच राहतो. चित्र ही ‘कला’ आणि वस्त्र हे ‘उपयोजन’ ही विभागणी जशी स्त्रियांना, तशीच कारागीर जातींनाही परिघावर ठेवते. म्हणूनच जातीचा प्रश्न टाळणारी स्त्रीवादी कलासमीक्षा येथे अपुरीच ठरते.