'पोचले' की 'पोचलो'? विदर्भाची पहिली फायनल आणि अंडरडॉगवरचे पेपर

21 डिसेंबर 2017, गुरुवार. ईडन गार्डन्सवर रणजी सेमीफायनलचा पाचवा दिवस. कर्नाटकला जिंकायला 198 हव्या होत्या, आदल्या संध्याकाळी ते 7 बाद 111 वर थांबले होते. म्हणजे 87 धावा आणि तीन विकेट. शेवटी 192 वर ऑलआउट झाले आणि विदर्भ 5 धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीच्या मॅचमध्ये 12 विकेट. 1957-58 पासून रणजी खेळणारा संघ पहिल्यांदा फायनलला गेला. फायनल 29 तारखेपासून इंदूरला, होळकर स्टेडियमवर, समोर सात वेळा रणजी जिंकलेली दिल्ली.

मधे सात दिवस होते. ही पोस्ट त्या सात दिवसांबद्दल आहे, कारण चाहत्यांच्या मानसशास्त्रावरचे जे पेपर आपण कोर्सवर्कमध्ये वाचतो, त्यांत नेमके हेच दिवस गायब असतात, असं माझं म्हणणं आहे.

तेव्हा मी गोंदियात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. नंतर कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की कर्नाटकला हरवलं तेव्हाच मी दादाला म्हटलं होतं, आता कप आपलाच. मला ते वाक्य आठवतं, घराच्या ओट्यावर बसून टाइप केलेलं आठवतं, शेजारी बाबांची धानाच्या चुकाऱ्याची चिंता चाललेली आठवते. गेल्या वर्षी एक जुना दाखला शोधताना दादाचं चॅट मागे मागे नेलं आणि 22 डिसेंबर 2017 सापडला. मी लिहिलं होतं: "फायनलला पोचले तेच खूप. दिल्लीपुढे चार दिवस टिकले तरी पुष्कळ." कप बिप काही नाही. कप आपलाच हे वाक्य आहे, पण ते 31 तारखेचं, म्हणजे अक्षय वाडकरचं शतक होऊन विदर्भाची आघाडी दोनशेच्या पुढे गेल्यावरचं. त्या वेळी हे कोणीही म्हटलं असतं.

हा धक्का मला जरा जास्तच बसला. त्याचं कारण खाली सांगते. आधी पेपर.

अंडरडॉगवर कोणी काही लिहिलं की जोसेफ व्हँडेलो, नादाव गोल्डश्मीड आणि डेव्हिड रिचर्ड्स यांचा 2007 चा पेपर संदर्भात असतोच. पेपर चांगला आहे, हे आधी कबूल करते. एका प्रयोगात ऑलिम्पिकमधले देश दाखवले, कोणाची आजवरची पदकं किती हे सांगितलं आणि विचारलं, कोण जिंकावं असं वाटतं? कमी पदकांच्या देशाकडे कल गेला. दुसऱ्यात इस्रायल आणि पॅलेस्टाईनचा नकाशा असा दाखवला की कधी एक बाजू लहान दिसते, कधी दुसरी. जी लहान दिसली तिच्याकडे सहानुभूती वळली. आणखी एकात बास्केटबॉलची एकच चित्रफीत दाखवली. फक्त कोणता संघ अंडरडॉग आहे ही आधीची माहिती बदलली, तर ज्याला अंडरडॉग म्हटलं त्याचे खेळाडू जास्त जीव तोडून खेळतायत असं लोकांना दिसलं. हा शेवटचा प्रयोग मला फार आवडतो. चित्र तेच, लेबल वेगळं.

आता खोट कुठे? पहिली गोष्ट, अंडरडॉग म्हणजे काय हे मोजलं कशावरून. ऑलिम्पिकच्या प्रयोगात ते जुन्या पदकांवरून, म्हणजे इतिहासावरून ठरलं. आता विदर्भ घ्या. इतिहास पाहिला तर साठ वर्षांत एकही फायनल नाही, त्यामुळे अंडरडॉग. पण त्या हंगामातला फॉर्म पाहा: क्वार्टरफायनलला सुरतमध्ये केरळला 412 धावांनी हरवलेलं. कर्णधार फैज फझल धावांच्या राशी रचत होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. संघात वसीम जाफर, ज्याने मुंबईकडून आठ रणजी करंडक आधीच जिंकले होते. हा संघ दुबळा कुठून? तो फक्त नावाने दुबळा होता. गोंदियाच्या पानठेल्यावर लोकांची जी घालमेल चालली होती ती याच फटीतली होती: आकडे सांगतात जिंकू, नाव सांगतं हरू. इतिहास आणि फॉर्म हे दोन वेगवेगळे चल आहेत, आणि प्रयोगात दुसरा चल दिलेलाच नाही. तुमच्या प्रस्तावाच्या व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येतो बरं का: तुम्ही जे मोजताय ते खरंच तेच आहे का?

(एक आडवळण. ही प्रश्नावली मराठीत आणायची तर 'अंडरडॉग'ला काय म्हणाल? आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर 'लिंबूटिंबू संघ' चालतं. पण त्यात हिणवणं आहे, खेळात कच्चा लिंबू असतो तसं. इंग्रजी शब्दात जी सहानुभूती दडलेली आहे ती यात नाही. 'दुबळा' म्हटलं तर कीव येते. मी करून पाहिलं आणि शेवटी 'ज्याच्याकडून जिंकायची अपेक्षा कमी आहे तो संघ' असं लांबलचक लिहिलं. वाचायला कंटाळवाणं, पण निदान उत्तर आधीच सुचवत नाही.)

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त गंभीर आहे. या प्रयोगांतला माणूस तिऱ्हाईत असतो. फ्रेझियर आणि स्नायडर यांचा 1991 चा अभ्यास तर उघडच तसा आहे. संघ अ आणि संघ ब, सात सामन्यांची मालिका, अ चं पारडं जड. कोणाच्या बाजूने व्हाल? 80 टक्क्यांहून जास्त विद्यार्थी ब च्या बाजूने. मग विचारलं, समजा ब ने पहिले तिन्ही सामने जिंकले, तर? ब वाल्यांपैकी निम्मे पलटले आणि अ कडे गेले. निष्कर्ष असा की तिऱ्हाईताला चुरस हवी असते. कोणाशी नातं नाही, हरलं तर गमावायचं काही नाही, मग रंगत वाढेल तिकडे व्हा.

तिऱ्हाईताबद्दल हे पटतं. पण ते उचलून चाहत्यांना लावायचं हा जो प्रकार अनेक प्रबंधांत दिसतो, तो मला मान्य नाही. विदर्भाने तीन सामने ओळीने जिंकले असते म्हणून गोंदियातला माणूस दिल्लीच्या बाजूने गेला असता का? आणि याची उलटी बाजू पुढे प्रत्यक्ष पाहायला मिळाली. 2018-19 मध्ये विदर्भाने नागपुरात सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून पुन्हा करंडक घेतला. मार्च 2024 ला वानखेडेवर मुंबईकडून 169 धावांनी हरले. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सेमीफायनलला मुंबईला 80 धावांनी हरवून पुन्हा फायनलला आले, नागपूरलाच. समोर कोण? केरळ, त्यांच्या आयुष्यातली पहिली रणजी फायनल. सेमीफायनलला गुजरातवर पहिल्या डावात अवघ्या दोन धावांची आघाडी घेऊन आलेले, तीही अशी की चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटला लागून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने झेलला. यापेक्षा गोड अंडरडॉग मिळणार नाही. सूत्राप्रमाणे जे लोक 2017 ला अंडरडॉगवर जीव टाकत होते, त्यांचं मन केरळसाठी थोडं तरी पाघळायला हवं होतं. माझ्या ओळखीत तसं एकही पाघळलं नाही, मी धरून. आम्हाला अंडरडॉग कधीच आवडत नव्हता, विदर्भ आवडत होता. तो तेव्हा अंडरडॉग होता, एवढंच. (सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावात विदर्भ 379, केरळ 342, त्या आघाडीवर करंडक आपल्याकडे.)

हा पुरावा म्हणून कच्चा आहे, हे मलाही कळतं. ओळखीतली माणसं म्हणजे नमुना नव्हे, आणि मधल्या सात-आठ वर्षांत सगळंच बदललं. पण अभ्यास कसा रचायचा याचा इशारा त्यात आहे: तीच माणसं, तोच संघ, एकदा अंडरडॉग म्हणून आणि एकदा दादा संघ म्हणून.

मग चाहत्यांवरचे पेपर? तिथे रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा 1976 चा प्रसिद्ध पेपर येतो, दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात शेकून घेण्याबद्दलचा. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत, फुटबॉल सामन्यानंतरच्या सोमवारी, किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून वर्गात येतात ते मोजलं. संघ जिंकला असला की जास्त. मग फोनवरचा प्रयोग. आधी एक छोटी चाचणी, तीत मुद्दाम कोणाला 'छान केलंत' तर कोणाला 'जमलं नाही' असं सांगितलं, आणि मग सामन्याचं काय झालं ते विचारलं. 'आम्ही' हा शब्द किती जण वापरतात ते मोजलं. ज्यांना 'जमलं नाही' सांगितलं होतं त्यांच्यात जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना 40 टक्के 'आम्ही', न जिंकलेल्याबद्दल 14 टक्के. ज्यांना 'छान' सांगितलं त्यांच्यात 24 आणि 22, म्हणजे जवळजवळ फरकच नाही. स्वतः पडलेला माणूस संघाच्या विजयाला जास्त घट्ट धरतो. सर्वनाम मोजायची ही कल्पना मला आजही भन्नाट वाटते.

पण तीच कल्पना गोंदियात चालवून पाहा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन आहेत. "आपण जिंकलो" म्हणणारा ऐकणाऱ्यालाही आत घेतो, "आम्ही जिंकलो" म्हणणारा त्याला बाहेर ठेवतो. इंग्रजीला हा भेदच माहीत नाही. त्यात आपण सर्वनाम गाळतो. "जिंकलो", "हरले", बस. म्हणजे मोजायला उरतो फक्त शेवट, 'लो' की 'ले'. माझ्या 22 डिसेंबरच्या मेसेजमध्ये 'पोचले' आहे. 1 जानेवारीला विदर्भाने 29 धावांचं लक्ष्य गाठून नऊ विकेटने फायनल जिंकली, तेव्हाच्या मेसेजमध्ये 'जिंकलो'. दहा दिवसांत मी 'ले' वरून 'लो' वर आले, चाल्डिनींनी सांगितलं तस्संच. (आणि बाईमाणूस एकटीबद्दल लिहील तर "मी जिंकले", पुन्हा 'ले'. कोडिंग करणाऱ्याने डोकं धरून बसावं.) त्यात गोंदियाचा बाजार अर्धा हिंदीत बोलतो. "जीत गए". कोण जीत गए, हम की वो? क्रियापदावरून कळत नाही.

आता त्या सात दिवसांकडे. चाल्डिनींची मोजणी निकालानंतरची. अंडरडॉगवाल्यांची मोजणी काल्पनिक. निकालाआधी खरा चाहता काय करतो? डॅनियल वॉन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये याला हात घातला होता: पुढे येऊ शकणाऱ्या अपयशापासून आधीच अंतर ठेवणं. आणि जेम्स शेपर्ड यांच्या गटाने 1996 मध्ये विद्यार्थ्यांबद्दल दाखवलं, की परीक्षेच्या गुणांचा अंदाज निकाल हातात पडायच्या क्षणी खाली येतो, आधी कितीही आशा असली तरी. "फायनलला पोचले तेच खूप" हे वाक्य मला या जातीचं वाटतं. ती नम्रता नव्हती, उशी होती, पडलो तर लागू नये म्हणून आधीच खाली टाकलेली. पण मग 31 तारखेला ती उशी मी इतक्या सफाईने कशी लपवली, की स्वतःलाही दिसेनाशी झाली?

याचं उत्तर जुनं आहे. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ, 1975. निक्सन 1972 मध्ये पेकिंग आणि मॉस्कोला जाणार होते, त्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं, अमुक घडेल याची शक्यता किती? दौरे झाल्यावर विचारलं, तुम्ही तेव्हा किती सांगितली होती ते आठवा. जे घडलं असं वाटत होतं, त्याला आपण आधी जास्त शक्यता दिली होती असं लोकांना आठवलं.

आणि आता तो धक्का. मी एमएस्सी संख्याशास्त्राची, पीएचडीचा विषय धान उत्पादकांचे अंदाज: पाऊस किती पडेल, एकरी किती होईल. पहिल्या चाचणीसाठी मी अर्जुनी मोरगाव भागात डिसेंबरमध्ये धान खरेदी केंद्रावर रांगेतल्या शेतकऱ्यांना गाठलं आणि विचारलं, जूनमध्ये पऱ्हे टाकताना यंदा किती होईल असं वाटलं होतं? एकामागून एक उत्तर: "आमाले माहीतच होतं." जे वजनकाट्यावर आलं त्याच्या आसपासच सगळ्यांचा जूनचा अंदाज. मी खूश! काय अचूक अंदाज आहेत म्हणून आलेखही काढले. फिशहॉफ मी तोवर वाचलेला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलेलं होतं. तरी सहा आठवड्यांचं काम केलं आणि मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "हे जूनमध्ये लिहून घेतलंय का?" नव्हतं. ते सगळं बाजूला ठेवावं लागलं.

तेव्हा मला मनातून वाटलं होतं की चूक शेतकऱ्यांच्या आठवणीची आहे. त्यानंतर दादाचं चॅट सापडलं.

आता मी जूनमध्ये बांधीवर जाते. अंदाज कागदावर लिहून घेते, पाकीट बंद, पाकिटावर तारीख. यात दुसरा घोळ आहेच: एकदा आकडा लिहिला की माणूस त्याला चिकटतो, आणि पुढे डिसेंबरला आठवायला विचारलं तर कागदच आठवतो. म्हणून निम्म्यांकडून फक्त जूनला लिहून घेते, निम्म्यांना फक्त डिसेंबरला विचारते. नमुना दुप्पट लागतो आणि फेलोशिप तेवढीच राहते, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. तुमच्यापैकी कोणी मुलाखतींवर काम करणार असाल तर हा हिशोब सिनॉप्सिस लिहायच्या आधी करा, नंतर नमुना वाढवून मिळत नाही.

फेब्रुवारी 2025 च्या फायनलआधी मी हेच घरच्यांवर केलं. 25 तारखेला रात्री घरच्या ग्रुपवर विचारलं, काय वाटतं, आणि आलेली उत्तरं तारखेसकट फाईलमध्ये उतरवून ठेवली. आईचं 'लो', काकांचं 'ले', माझं स्वतःचं मी मोजलं नाही. दादाने दोनच शब्द पाठवले, "जीत जाएंगे". त्याचा रकाना अजून रिकामा आहे.