मॅनी मोटा : एका डावाचं आयुष्य

बेसबॉलमधला बदली फलंदाज दोन-अडीच तास बाकावर बसून असतो. सामना अडला, की व्यवस्थापक त्याच्याकडे बघतो. समोर असतो तो बहुतेकदा शेवटच्या डावांसाठी राखून ठेवलेला ताज्या दमाचा पिचर. ज्याच्या जागी हा उतरतो, तो खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणजे याच्यापायी संघाने एक माणूस खर्ची घातलेला असतो. गवयाला स्वर लावायला उसंत न देता पहिल्याच श्वासात तार षड्ज मागावा, तसं हे काम. मॅनी मोटाने ते १५० वेळा साधलं.

सांतो दोमिंगोत १९३८ साली जन्मलेला मोटा मुळात आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या पट्ट्यातला क्षेत्ररक्षक. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये तो १९६२ साली सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून आला आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्गला पोचला. तिथे उजवीकडे रोबेर्तो क्लेमेंते, डावीकडे विली स्टारजेल, मधे मॅटी आलू. १९६६ साली मोटाची सरासरी होती .३३२, एवढ्यावर कुठल्याही संघात कायमची जागा मिळावी. पण त्याच वर्षी आलूने .३४२ च्या सरासरीने लीगचं फलंदाजीचं विजेतेपद पटकावलं आणि क्लेमेंते सर्वोत्तम खेळाडू ठरला! अशा दाटीत जागा तरी कुठून मिळणार? वाट्याला येईल ती संधी वाया जाऊ द्यायची नाही, ही त्याची वृत्ती मला वाटतं तिथेच घडली.

१९६९ मध्ये मॉन्ट्रियलमार्गे तो लॉस एंजलिस डॉजर्सकडे आला आणि पुढे हळूहळू फक्त बदली फलंदाज उरला. कारकिर्दीत त्याचे होमरन अवघे ३१, पण सरासरी .३०४. बॅटचा फेरा आखूड, चेंडू उशिरापर्यंत निरखलेला. मग इनफिल्डच्या डोक्यावरून, आउटफिल्डच्या पुढ्यात नेमका टाकलेला फटका. ताकद दाखवायचा मोह त्यात औषधालाही नाही. १९७७ च्या हंगामात त्याने ३८ अधिकृत प्रयत्नांत १५ हिट मिळवले. अख्ख्या हंगामात ३८! रोज खेळणारा फलंदाज एवढे दहा दिवसांत उरकतो. ताल हाताला लागेल इतका खेळच मिळत नसताना तो राखायचा, ही मोटाची खरी कला.

त्या वर्षीचा ७ ऑक्टोबर मात्र वेगळा. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना, फिलाडेल्फियाविरुद्ध त्यांच्याच मैदानावर. नववा डाव, डॉजर्स ३-५ ने मागे, दोन गडी बाद. ४१ वर्षांच्या विक दावालियोने, तोही बदली फलंदाजच, बॅट नुसती अलगद लावून चेंडू सरपटवला आणि धावत पहिला बेस गाठला. मग ३९ वर्षांचा मोटा. फिलाडेल्फियाचा पिचर जीन गार्बरचा चेंडू त्याने डाव्या कुंपणापर्यंत उंच मारला. तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या, ग्रेग लुझिन्स्कीच्या हातमोज्याला लागून तो निसटला. दावालियो होम प्लेटवर पोचला, परतीचा चेंडू टेड साइझमोरला आवरला नाही आणि मोटा तिसऱ्या बेसवर गेला. पुढे बरोबरी साधणारी धाव त्याचीच. डॉजर्स ६-५ ने जिंकले.

सगळ्यांना आठवतो तो हाच फटका. रसिक म्हणून मला मात्र तो त्याच्या शैलीचा नमुना वाटत नाही. तो लांब गेला, उंच गेला आणि झेल सुटला म्हणून वाचला. मोटा ओळखायचा तर असा हिट बघावा, ज्यात क्षेत्ररक्षकाला हात घालायलाच काही उरत नाही. त्या फटक्यात अस्सल मोटा आहे तो एवढाच, की इतका वेळ थंड बसलेलं शरीर पहिल्या हाकेला पूर्ण जागं होतं.

१९७९ मध्ये त्याने स्मोकी बर्जेसचा १४४ बदली हिट्सचा विक्रम मागे टाकला. १९८० साली तो प्रशिक्षक झाला होता, तरी हंगामाच्या अखेरीस संघाने त्याला पुन्हा खेळाडूंत घेतलं. सात प्रयत्नांत तीन हिट. आकडा १५० वर पोचला आणि २००१ साली लेनी हॅरिस पुढे जाईपर्यंत तिथेच राहिला.