'क्षार' या संज्ञेची संदिग्धता आणि मालवण किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी

किनारी विहिरींवरील महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत 'पाण्यात क्षार वाढले' व 'पाणी क्षारीय झाले' ही विधाने अनेकदा एकाच अर्थाने येतात. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत 'क्षार' म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारे संयुग. आयुर्वेदात व हिंदीत मात्र तोच शब्द अल्काचा वाचक असून मिठाला तेथे 'लवण' म्हणतात.

या गोंधळाची किंमत मापनात मोजावी लागते. प्रयोगशाळेत सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण हाताळलेल्या विद्यार्थ्याला अल्कधर्मी पाणी उत्तम वाहक वाटणे स्वाभाविक आहे. २५ अंश सेल्सिअसला हायड्रॉक्साइड आयनाची मोलर संवाहकता सुमारे १९८, तर क्लोराइडची ७६ सिमेन्स-चौरस सेंमी प्रतिमोल असते. परंतु सामू ८ असलेल्या पाण्यात हायड्रॉक्साइड लिटरमागे एक मायक्रोमोल एवढेच असते. त्याचा वाटा सेंटिमीटरला ०.२ मायक्रोसिमेन्स. उलट, गोड्या पाण्यात एक टक्का समुद्रजल मिसळले तरी संवाहकता सहाशेहून अधिक मायक्रोसिमेन्सने वाढते. संवाहकतामापक खारेपणा दाखवतो. अल्कधर्मितेविषयी तो जवळजवळ मौन पाळतो.

विसरणाचा उल्लेखही असाच सैल असतो. आयनाची चलनशीलता संवाहकता व विसरण या दोहोंच्या मुळाशी आहे, हे खरे. तथापि क्लोराइडचा विसरणांक सेकंदाला सुमारे २ × १०⁻⁹ चौरस मीटर आहे. स्तब्ध पाण्यात एक मीटर अंतर कापण्यास त्याला आठेक वर्षे लागतील आणि दहा मीटरांस त्याच्या शंभरपट. एका उन्हाळ्यात खारी होणारी विहीर या गतीने खारी होत नाही. तेथे पाणीच सरकते.

इ. स. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव यांच्या गोडव्यामागेही चमत्कार शोधण्याचे कारण नाही. मुरलेल्या पावसाच्या पाण्याची पातळी समुद्राहून उंच राहिली, की प्रवाहाचा रोख बाहेरच्या दिशेने राहतो. कर्ली नदी व समुद्र यांमधील देवबागच्या वालुकामय पट्टीत हा समतोल अधिक नाजूक आहे. घनतेतील फरकामुळे गोड्या पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर कायमची खाली गेल्यास खालची खारी सीमा, सैद्धांतिकदृष्ट्या, सुमारे चार मीटर वर चढते. अहवालांत मात्र उपशाचे तास व विहिरीतील पातळी यांचा रकाना क्वचितच आढळतो.