‘पिनोक्यो’ आणि नवशिक्याचा कान

इटालियन शिकू लागलेल्याच्या हाती कोलोदीचे ‘पिनोक्यो’ देण्याची अनेक शिक्षकांस हौस असते. १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः येऊन १८८३ साली ग्रंथरूप पावलेली ही कथा रसाळ व संवादप्रचुर आहे. तिने वाचन झपाट्याने वाढते, यांत शंका नाही. परंतु वाचलेले कळले म्हणजे ऐकलेलेही कळेल, ही समजूत आम्हांस मान्य नाही. कथेचे निवेदन ज्या साध्या भूतकाळात चालते, तो मिलानच्या बाजारात सहसा कानी पडत नाही. ‘मी खाल्ले’ याला ‘मांजाय’ असे पाठ केलेला विद्यार्थी तेथे ‘ओ मांजातो’ ऐकून थबकतो, आणि आपल्याच बुद्धीस दोष देतो! (दक्षिणेत व तोस्कानात जुने रूप अद्याप बोलतात, हेही सांगितले पाहिजे.) द्वित्ताची अडचण निराळी. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. मका आणि मक्का यांत गोंधळ न करणाऱ्या मराठी कानास हे सोपे. इंग्रज विद्यार्थ्याची मात्र तारांबळ उडते. पुस्तक टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नव्हे. प्रत्येक प्रकरण प्रथम एखाद्या इटालियनाच्या तोंडून ऐकावे, घडलेली गोष्ट त्यास बोलीत पुन्हा सांगावयास लावावी, आणि तोवर पुस्तक मिटलेले असावे.