ख्रिस्तपुराणांतील ‘संत’ : एका शब्दाचा पाठविचार

फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे, त्याचा बराचसा भाग मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांभोंवतीं घोटाळत राहिला आहे. परकी मनुष्य आमच्या भाषेची थोरवी गातो हें वाचून आम्हांस संतोष होतो, व आम्ही पुस्तक मिटतों. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथास इतकाच न्याय मिळावा हें ठीक नव्हे. कवीनें हा ग्रंथ भाषेच्या गौरवासाठीं रचिला नाहीं. साष्टी महालांत नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं कसें वागावें, कशास पाप म्हणावें आणि कोणत्या योग्यतेस चढावें, हें सांगण्यासाठीं रचिला. परीक्षा तेथेंच व्हावयास पाहिजे. प्रस्तुत लेखांत त्या परीक्षेपैकीं एकच बाब घेतली आहे : ‘संत’ हा शब्द. बाब लहान दिसते, परंतु पोथीचा पाठ देवनागरींत कसा छापावा हा प्रश्न तिच्यांत गुंतलेला आहे.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. तो १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ त वारला. मधलीं बहुतेक वर्षें साष्टींत गेलीं. पुराण १६१६ त रायतूर येथें रोमी लिपींत छापलें, पुढें १६४९ व १६५४ त पुन्हां निघालें. या तिन्ही छापांची एकही प्रत आज हातीं नाहीं. सन १६८४ त विजरई कोंद द आल्वोर यानें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढल्यावरही ग्रंथ जगला, तो नकलांमुळें व कानडा किनाऱ्यावरील कोंकणी ख्रिस्ती कुटुंबांच्या निष्ठेमुळें. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ त मंगळुरास रोमी आवृत्ति काढली. शांताराम बंडेलू (१९५६) व कारिदाद द्रागो (१९९६) यांच्या देवनागरी आवृत्त्या त्या रोमी पाठावर उभ्या आहेत. दोघांचे श्रम मोठे आहेत. तथापि लिप्यंतर म्हणजे नक्कल नव्हे. तो पदोपदीं केलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय वाचकास दिसत नाहीं, ही माझी तक्रार आहे.

रोमी लेखनाची रीत पाहा. मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं पाद्र्यांनीं अक्षर दुहेरी लिहिण्याचा प्रघात पाडला. ‘पुराण’ शब्दांतील ‘ण’ असा दुहेरी ‘न’नें लिहिलेला आहे. पण ‘पैलें’ शब्दांत ‘ल’ दुहेरी असून तेथें ‘ळ’ नाहीं. आणि ‘दुसरें’ यांत ‘स’ दुहेरी आहे तो केवळ पोर्तुगेज वळणामुळें. ग्रंथाच्या दोन भागांच्या मथळ्यांतच एका खुणेचे तीन अर्थ झाले! त्यांत ऱ्हस्व ‘अ’ व दीर्घ ‘आ’ यांस अक्षर एकच. मराठी ‘संतु’ आणि पोर्तुगेज ‘सांतु’ हे रोमींत त्यामुळें एकरूप होतात.

उच्चारानें हे शब्द जुळे भासले तरी कुळें निराळीं आहेत. आमचा ‘संत’ संस्कृत ‘सत्’ पासून. जो खरा, जो भला, तो संत. पोर्तुगेज शब्द लॅटिन ‘सांक्तुस्’ पासून. त्याचा मूळ अर्थ देवाकडे वेगळा काढून ठेविलेला, अर्पिलेला. १६५५ त छापलेल्या आंतोनियु द साल्दांज याच्या सांतु आंतोनीच्या चरित्राच्या मथळ्यांत हें पद लॅटिन वळणानें, मधल्या ‘क्’ सकट लिहिलें आहे. तेथें संशयास जागा नाहीं. जेथें तो ‘क्’ गळतो तेथें संपादकानें अर्थ पाहूनच ठरविलें पाहिजे.

आतां अर्थाचा प्रश्न. पौलानें रोम व करिंथ येथील मंडळीस पत्रें लिहितांना सर्व विश्वासी जनांस, म्हणजे बाजारांत बसणाऱ्या, संसार करणाऱ्या, प्रसंगीं आपसांत भांडणाऱ्या लोकांसही, ‘पवित्र जन’ असें संबोधिलें आहे. पुढें चर्चच्या व्यवहारांत हें पद आकसलें. वेदीवर ज्याची मूर्ति, पंचांगांत ज्याचा सण, तोच सांतु. परिपूर्णतेची वाट मठवासीयांची आणि आज्ञापालन इतरांचें, अशी वाटणीही रूढ झाली. स्टीफन्सच्या काळीं या वाटणीस धक्का बसूं लागला होता. फ्रान्सिस द साल याचा गृहस्थांस भक्तिमार्ग शिकविणारा फ्रेंच ग्रंथ १६०९ चा, म्हणजे ख्रिस्तपुराणाच्या सात वर्षें आधींचा. रोमन चर्चनें पावित्र्याचें पाचारण सर्वांस आहे हें तत्त्व परिषदेच्या ठरावांत स्वतंत्र प्रकरण घालून मांडलें तें मात्र १९६४ त, दुसऱ्या व्हातिकान परिषदेंत.

इकडे मराठी मुलखांत काय होतें? एकनाथ १५९९ त समाधिस्थ झाले. शिंपी नामदेव, गोरा कुंभार, सांवता माळी, चोखामेळा यांस लोक कधींचेच संत म्हणत होते, आणि तेंही त्यांचें मडकें, मळा व संसार यांसकट. तेव्हां चमत्कारिक गोष्ट अशी कीं, पौलाच्या अर्थाच्या जवळ मराठी ‘संत’ होता, पोर्तुगेज ‘सांतु’ नव्हे. मात्र दोन्ही एक म्हणणेंही चुकीचें होईल. वारकऱ्यांचें संतपण नामांत व संगतींत वाढतें. स्टीफन्सचें पावित्र्य बाप्तिस्म्याच्या कृपेनें आरंभतें आणि दहा आज्ञांच्या कसोटीस लागतें.

ग्रंथांत ही ओढाताण सर्वांत स्पष्ट होते ती दुसऱ्या पुराणांतील पर्वतावरील उपदेशाच्या भागीं. दान गुप्त असावें, प्रार्थना दाराआड करावी, वैऱ्याचेंही हित चिंतावें, स्वर्गींच्या पित्यासारखें पूर्ण व्हावें, हा उपदेश लोकसमुदायाच्या कानांवर पडलेला आहे. तो संन्याशांपुरता नाहीं. वेचे काढणारे हा भाग सहसा टाळतात, कारण त्यांत वसंतवर्णन नाहीं. माझ्या मतें कवीचें धाडस येथेंच आहे. सोंवळें-ओंवळें हाच शुद्धतेचा अर्थ ज्यांच्या अंगीं मुरलेला, त्यांना तो अंतःकरणाची शुद्धता सांगतो, आणि सांगतांना शब्द त्यांचेच वापरतो : पुण्य, पातक, मुक्ति, वैकुंठ. परंतु ज्या श्रोत्यांस वैऱ्यावर प्रेम करा म्हणून सांगावयाचें, त्यांचीं साष्टींतील देवळें १५६७ त पाडलीं गेलीं होतीं व त्यांच्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. ग्रंथारंभीं एक ब्राह्मण जुन्या पुराणांच्या जागीं कांहीं द्या म्हणून गुरूस विनवितो, त्या विनवणीमागें ही पोकळी आहे. समीक्षकानें ती झांकूं नये.

राहिली मार्सडेनची पोथी. विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांतील, लंडनच्या प्राच्यविद्यालयांत असलेली ही देवनागरी प्रत जस्टिन अॅबट यांनीं १९२३ त प्रसिद्धीस आणली. तिच्या दोन भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें आहेत. रोमी पाठांतील पोर्तुगेज-लॅटिन पारिभाषिक शब्दांच्या जागीं तींत संस्कृत शब्द आढळतात, यावरून अॅबट यांनीं तीच मूळ संहिता ठरविली. पुढें तुकाराम-एकनाथांचीं चरित्रें इंग्रजींत आणणाऱ्या या गृहस्थांस संस्कृत वळण जिव्हाळ्याचें वाटावें हें साहजिक. पण अनुमान टिकत नाहीं. बाप्तिस्मा, कृपा, पवित्र आत्मा यांविषयीं चर्चच्या परीक्षकांची नजर करडी असतां, छापून पसरलेल्या ग्रंथाच्या कर्त्यानें परभाषेचा शब्द मुद्दाम राखावा हें अधिक संभवनीय. परका शब्द कानास खुपतो, आणि तो खुपावा हाच हेतु असूं शकतो. मागाहून कोणा मराठी लेखकानें ते खडे वेचून काढले असावेत.

म्हणून यापुढील संपादकानें ‘संत’ आणि ‘सांतु’ यांपैकीं एकच रूप सरसकट छापूं नये. ‘स्पिरितु सांतु’ सारख्या जोडपदांत दीर्घ रूप ठेवावें. साधुजन या अर्थीं ऱ्हस्व. आणि प्रत्येक स्थळीं तळाशीं रोमी अक्षरयोजना व मार्सडेन पोथींतील प्रतिशब्द द्यावा. ज्यांच्या संग्रहीं एखादें सुटें रोमी पान असेल त्यांनीं त्यावरील हे शब्द अक्षरशः, मात्रेचाही बदल न करितां, उतरून ठेवावेत. विशेषतः तो मधला ‘क्’ आहे कीं नाहीं, तें पाहावें.